'वी स्पोर्ट्स' : निर्मितीखर्च, कौशल्य आणि नियंत्रणपद्धती यांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

व्हिडिओ गेम या माध्यमाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा मुलांचा अभ्यास, डोळ्यांचे आरोग्य किंवा व्यसन या अंगाने होते. त्याच्या निर्मितीप्रक्रियेकडे कलासमीक्षेच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः भांडवल, कौशल्य आणि साधन हे तीन घटक जसे चित्रपटाला घडवितात, तसेच ते गेमलाही घडवितात. फरक इतकाच, की चित्रपटाच्या प्रेक्षकाला पडदा केवळ पाहावयाचा असतो. गेम मात्र खेळणाऱ्याच्या हातातील नियंत्रकावाचून पूर्णच होत नाही. नियंत्रक बदलला की कृतीची भाषा बदलते. प्रस्तुत लेखात निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या २००६ मधील 'वी स्पोर्ट्स' या गेमच्या आधारे या तीन घटकांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा केली आहे.

जुन्या तंत्राची नवी योजना

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात दोन गेमयंत्रे दाखल झाली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती, तर निन्टेन्डोच्या वीची २५० डॉलर. वीची अंतर्गत रचना तिच्या आधीच्या गेमक्यूब या यंत्राशी जवळचे नाते सांगणारी होती आणि उच्च स्पष्टतेचे चित्र दाखविण्याची क्षमता तिच्यात नव्हती. नवेपणा होता तो नियंत्रकात. दूरचित्रवाणीच्या रिमोटसारख्या दिसणाऱ्या या साधनात हाताची हालचाल ओळखणारा त्वरणमापक आणि पडद्याची दिशा ओळखणारा अवरक्त कॅमेरा बसविलेला होता. त्वरणमापकाचे तंत्र मोटारीतील एअरबॅगमध्ये पूर्वीपासूनच रुळलेले होते.

या निवडीमागे त्या कंपनीची एक जुनी परंपरा आहे. तेथील अभियंता गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये अधिक-चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण योजिले. स्थिरावलेल्या, स्वस्त तंत्रज्ञानाकडे आडव्या दिशेने पाहावे, हे त्यांचे सूत्र होते. १९८९ चा कृष्णधवल गेम बॉय हे या सूत्राचे ठळक उदाहरण होय. वीच्या यंत्रविभागाचे प्रमुख गेन्यो ताकेदा हेही मुळात गेम रचणारेच. १९८४ च्या 'पंच-आउट!!' या मुष्टियुद्धाच्या गेमशी त्यांचे नाव जोडलेले आहे. साधन घडविणारा आणि कृती घडविणारा यांच्यात येथे भिंत नव्हती, ही बाब महत्त्वाची ठरते.

कृती म्हणून 'वी स्पोर्ट्स'

कात्सुया एगुची यांच्या निर्मितिनेतृत्वाखाली तयार झालेल्या या गेममध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ आहेत. त्यात कथानक नाही, पात्रांना पूर्वेतिहास नाही, दृश्यसजावटही बेताचीच आहे. टेनिसमध्ये तर खेळाडू आपोआप धावतो. खेळणाऱ्याच्या वाट्याला येते ती केवळ फटक्याची वेळ. ही काटछाट दारिद्र्यातून आलेली नाही. नव्या साधनाला जे नीट समजते तेवढेच मागावयाचे आणि उरलेले यंत्रावर सोपवावयाचे, असा विवेक तीमागे दिसून येतो. त्यामुळे ज्यांनी कधी नियंत्रक हाती धरला नव्हता, अशा वृद्धांनाही हा गेम पहिल्याच प्रयत्नात खेळता आला.

या कृतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पूर्ण हात फिरविण्याऐवजी मनगटाचा हलका झटका दिला तरी फटका बसतो, हे सरावलेल्या खेळाडूच्या लवकरच ध्यानात येते. हालचाल अधिक अचूक टिपण्यासाठी कंपनीला २००९ मध्ये वेगळे जोडसाधन आणावे लागले. तथापि, डिसेंबर २००६ मध्ये रिमोट हातातून निसटण्याच्या तक्रारींमुळे सुमारे ३२ लाख मनगटपट्टे बदलून द्यावे लागले, यावरून खेळणारे किती रंगून जात होते हेही कळते. 'वी स्पोर्ट्स'च्या ८ कोटींहून अधिक प्रती वितरित झाल्या. मात्र जपानबाहेर बहुतेक ठिकाणी तो यंत्रासोबतच दिला जात असल्याने हा आकडा निव्वळ पसंतीचा निदर्शक मानता येत नाही.

कौशल्य पुरेसे असते काय?

कुशल चमू असला की कोणतेही साधन वश होते, असा एक समज आहे. पुढील उदाहरणे तो खोडून काढतात. 'द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस' हा गेम मुळात गेमक्यूबसाठी रचला जात होता. तो वीवर आणताना रिमोट हलविला की तलवार चालावी, अशी योजना झाली. नायक लिंक हा परंपरेने डावखुरा. बहुतेक खेळणारे उजव्या हाताने रिमोट धरणार म्हणून वीवरील आवृत्तीत संपूर्ण जगच आरशातल्याप्रमाणे उलटविण्यात आले. कृती उत्तम होती, परंतु नवे नियंत्रण तिच्यात वरून चिकटविलेले राहिले. बटणाची जागा झटक्याने घेतली, एवढेच.

याहून बोलके उदाहरण 'स्टील बटालियन'चे आहे. २००२ मधील मूळ गेमसोबत सुमारे ४० बटणे आणि तीन पायपट्ट्या असलेले अवजड नियंत्रणफलक मिळत असे. युद्धयंत्र चालविण्याची दमछाक हाच त्या गेमचा आशय होता. २०१२ च्या पुढील भागात त्याची जागा मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या, शरीराची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली. हा भाग फ्रॉमसॉफ्टवेअर या कसलेल्या संस्थेने घडविला होता. तरीही इशारे चुकीचे ओळखले जात असल्याने तो समीक्षकांच्या नापसंतीस उतरला. उलटपक्षी त्याच किनेक्टवर हार्मोनिक्सचा 'डान्स सेंट्रल' (२०१०) यशस्वी झाला. गिटारच्या आकाराच्या नियंत्रकावरचा 'गिटार हीरो' (२००५) याच संस्थेने रचला होता. नृत्यात शरीराची हालचाल हीच कृती असल्याने तेथे साधन आणि आशय यांत फट उरली नाही. हीच गोष्ट वीवर सुरू झालेल्या 'जस्ट डान्स' (२००९) या मालिकेबाबत म्हणता येईल. तिच्या पुढील भागांच्या निर्मितीत युबिसॉफ्टच्या पुण्यातील स्टुडिओचाही सहभाग राहिला.

खर्चाचा भार

२०२३ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार 'द लास्ट ऑफ अस : भाग २' (२०२०) या गेमवर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाले आणि सुमारे २०० जणांनी त्यावर पूर्णवेळ काम केले. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' (२०२२) चा खर्च सुमारे २१ कोटी डॉलर होता. या दोन्ही कृतींचे कलागुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोहोंचा मुख्य आधार म्हणजे दोन दांड्या व बटणे असलेला नियंत्रक. त्याची मूलभूत मांडणी १९९० च्या दशकाअखेरीस स्थिरावली. एवढी रक्कम पणाला लागली की खेळणाऱ्याच्या हाताला जे आधीच ठाऊक आहे त्यावरच विसंबावे लागते. खर्च दृश्याचा विस्तार करतो; पण हाताच्या भाषेत चुकण्याची मुभा तो काढून घेतो.

निष्कर्ष

वीची सुमारे १० कोटी १६ लाख यंत्रे विकली गेली. तिच्यानंतरच्या वी यू (२०१२) या यंत्राची विक्री मात्र १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबली. कंपनी तीच होती आणि तिच्या पदरी कसलेले रचनाकारही होते. पण दुसऱ्या पडद्यासह आलेल्या नियंत्रकाला 'वी स्पोर्ट्स'सारखी, त्याचे प्रयोजन एका खेळात पटवून देणारी कृती लाभली नाही. नव्या नियंत्रणपद्धतीला अर्थ येतो तो साधन आणि कृती एकत्र घडत असतील तेव्हाच, आणि अशा प्रयोगाचे अपयश पेलण्याजोगे असेल तेव्हाच. म्हणून गेमच्या समीक्षेने किती पैसा खर्च झाला यापेक्षा त्या पैशाने रचनाकारांना कोणते धाडस करू दिले आणि कोणते करू दिले नाही, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.