वखारीतला कॅमेरा, गडावरचा ड्रोन

सीमाभागावर माहितीपट करायचं कुणी मनावर घेतलं की त्याच्यापुढे दोनच वाटा येतात. एक गडाकडे जाते, दुसरी मोर्चाकडे. राजहंसगड, वल्लभगड, सीमेपलीकडचे महिपाळगड आणि पारगड. नाहीतर १ नोव्हेंबरचा काळा दिन, घोषणा आणि बंदोबस्त. मोबाइल आणि ड्रोन आवाक्यात आल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात चित्रीकरण करणारी तरुण मुलं खूप झाली. त्यांच्या हौसेबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. भर पावसात सामान पाठीला बांधून गड चढणं सोपं नसतं. पण यांतल्या बहुतेक फिल्म पाहून झाल्यावर रुखरुख लागते. तटबंदी दिसते, धुकं दिसतं, निवेदकाचा भारदस्त आवाज ऐकू येतो, आणि गडाच्या पायथ्याशी राहणारं माणूस मात्र एकदाही बोलत नाही. सांगितलेली हकिकत बखरीतली, गॅझेटिअरमधली की गावात ऐकलेली, याचाही पत्ता लागत नाही.

मोर्चाच्या चित्रणाची तऱ्हा वेगळी असली तरी उणीव तीच. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी दरवर्षी कॅमेरे येतात, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना वाहिलेलं पुष्पचक्र टिपतात आणि दुपारपर्यंत निघून जातात. बातमीचं काम तेवढ्यात भागतं. माहितीपटाचं भागत नाही.

इतिहास आणि भटकंती यांची ओढ हा माहितीपटाचा जन्मजात स्वभाव आहे. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचं स्वागत सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी, चित्रित केलं. घटना घडताना तिथे हजर राहायचं, आणि हजर राहण्यासाठी निघायचं, हे तेव्हापासून चालत आलं आहे. प्रश्न निघण्याचा नाही, पोचल्यावर किती दिवस थांबायचं याचा आहे. आणि त्याचं सर्वांत चोख उत्तर ज्या फिल्मनं दिलं, ती याच भागात, निपाणीत झाली आहे.

‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट १९८२ चा. सोळा मिलिमीटर, कृष्णधवल, पंचवीस मिनिटांचा. तो केला ‘युगांतर’ या गटानं. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर या चौघांनी १९८० मध्ये बंगळुरात हा गट उभा केला. भारतातला हा पहिला स्त्रीवादी चित्रपटगट मानला जातो. १९८३ पर्यंत त्यांनी चार फिल्म केल्या: पुण्याच्या मोलकरणींच्या लढ्यावरची ‘मोलकरीण’, निपाणीची ही, तेलुगूतली ‘इदि कथा मात्रमेना’ आणि चिपको आंदोलनातल्या एका बाईवरची ‘सुदेशा’. चारांपैकी दोन मराठीत आहेत, तरीही मराठी चित्रपटाच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच निघतं. बंगळुरातल्या अमराठी मंडळींनी, कर्नाटकातल्या एका गावात, तिथल्या बायकांच्या मराठीत केलेली फिल्म कुणाच्या खात्यात मांडायची, हे बहुधा कुणालाच ठरवता आलं नसावं. मला तर ती या भागाची सर्वांत अस्सल फिल्म वाटते.

त्या काळची निपाणी डोळ्यांसमोर आणायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गाव म्हैसूर राज्यात गेलं. व्यवहाराची भाषा मराठी राहिली आणि धंदा विडीच्या तंबाखूचा. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. तो इतिहास निपाणीला पाठ आहे. त्याच सुमारास वखारींच्या आत दुसरा लढा चालू होता. सुकलेला पाला कुटायचा, चाळायचा, त्याच्या प्रती लावायच्या, हे काम हजारो बायका करत होत्या. तोंडाला फडकं, खाली पसरलेला पाला, हवेत नाकाडोळ्यांत जाणारी भुकटी आणि दिवसभराचा खोकला. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं या बायका संघटित झाल्या. अनिल अवचटांनी त्यांच्याविषयी लिहिलं. मग कॅमेरा आला.

तो आला आणि राहिला. युगांतरच्या मंडळींनी जवळपास चार महिने या बायकांबरोबर काढले. आधी ऐकून घेतलं: काम कसं चालतं, वखारीत बाईला कसं वागवतात, संघटनेच्या बैठकीत काय ठरतं. कुठे काय चित्रित करायचं हे त्या बोलण्यातून निघालं. म्हणूनच कॅमेरा वखारीच्या आत जाऊ शकला. तोवर तिथलं दृश्य बाहेरच्या कुणी पडद्यावर पाहिलेलं नव्हतं.

इथे तंत्राची एक बाब सांगायला हवी, कारण आजच्या मुलांना ती दिसत नाही. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटांच्या रिळात जेमतेम अकरा मिनिटं मावतात. फिल्म महाग, प्रयोगशाळा दूर आणि जवळ पैसा नाही. दिवसभर कॅमेरा चालू ठेवून ‘नंतर बघू’ म्हणायची सोय नव्हती. बटण दाबण्याआधी काय महत्त्वाचं ते ठरवावं लागे, आणि ते ठरवायला या लोकांनी बायकांना सोबत घेतलं. फिल्ममध्ये वरून शहाणपण सांगणारा निवेदक नाही. कामाची रीत, अपमान, संपाचा निर्णय या साऱ्यांची हकिकत कामगार बायकांचेच आवाज पुढे नेतात. पंचवीस मिनिटांत एकेका बाईच्या घरात, आयुष्यात खोल जायला जागा उरत नाही, ही तिची मर्यादा मला जाणवते. ‘आम्ही’ ठसठशीत उमटतो, ‘मी’ मागे राहते. पण संप चालू असताना त्या बायकांना हवी होती ती ‘आम्ही’चीच फिल्म, आणि पुढे ती इतर संघटनांच्या बैठकांतून, महिला गटांतून फिरली तीही त्याच बळावर.

कॅमेरा होता नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे. त्यांची कारकीर्द पाहिली की इतिहास आणि प्रवास यांचा अर्थ माणसागणिक किती बदलतो ते कळतं. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत ते शिकले. मणि कौल यांच्या ‘दुविधा’चं (१९७३) छायालेखन त्यांचं. राजस्थानातली घरं, पांढऱ्या भिंती आणि लाल ओढण्या त्यांनी इतक्या स्थिरपणे टिपल्या की चौकट एखाद्या लघुचित्रासारखी वाटते. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’चं छायालेखनही त्यांचंच, चापेकर बंधूंचं पुणे त्यांनी जरतारी भपका न करता उभं केलं. मोटरसायकलवर त्यांचा जीव होता, जॅझ वादकांची छायाचित्रं त्यांनी वर्षानुवर्षं काढली. जून २०२३ मध्ये मोटरसायकलवर असतानाच अपघातात ते गेले. असा भटका माणूस निपाणीच्या वखारीत बसून राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं. बोहारणीसारखं दारोदार फिरून मिळेल ते गोळा करणं त्यांना सहज जमलं असतं.

दीपा धनराज यांनी तोच धागा पुढे नेला. हैदराबादच्या दंगलींवरची ‘क्या हुआ इस शहर को’ (१९८६), कुटुंबनियोजनाच्या सक्तीवरची ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१), रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनावरची ‘वी हॅव नॉट कम हिअर टू डाय’ (२०१८). घटना ताजी असताना तिच्याजवळ जायचं, पण घाई करायची नाही, ही शिस्त निपाणीपासून पुढे दिसत राहते.

युगांतरच्या फिल्म अलीकडे नव्यानं डिजिटल रूपात आल्या, त्या बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेनं जतनाचं काम हाती घेतलं म्हणून. त्यांचे उपकार मानायलाच हवेत. पण निपाणीचा हा ठेवा आपल्या एखाद्या विद्यापीठानं, साहित्य संमेलनानं किंवा समितीनं आधी का शोधला नाही, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. सीमाभागाची मराठी जपायची तर वखारीतल्या बाईची मराठीही त्यात येते. महादेव मोरे यांनी गाडी चालवून, गिरणीत पीठ दळून, निपाणीतच राहून या गावातल्या कष्टकऱ्यांची भाषा कागदावर आणली. २०२४ मध्ये ते गेले. साहित्यानं इथे ठाण मांडलं. कॅमेऱ्यानं मात्र त्या एका फिल्मनंतर पुन्हा पाहुणा होणंच पसंत केलं.

ड्रोन उडवणाऱ्या मुलांना मी गड सोडा असं सांगणार नाही. गडावर जा, पण पायथ्याच्या गावात राहा. पारगडावर जाल तर तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा, आणि कोण काय म्हणालं ते नावानिशी, तारखेनिशी नोंदवा. आणि एक काम तर लगेच हाती घेण्याजोगं आहे. १९८२ च्या त्या फिल्ममध्ये ज्या तरुण बायका दिसतात, त्यांतल्या हयात असतील त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील. देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, आणि वखारी हाकेच्या अंतरावर कर्नाटकात. तिथल्या विद्यार्थ्यांनी लॅपटॉप घेऊन जुन्या कामगार वस्तीत जावं, फिल्म लावावी, चेहरा आला की थांबवावी आणि विचारावं: आजी, ही कोण? कुठल्या वखारीत होती? संप मिटल्यावर तिचं पुढे काय झालं?