सोयऱ्याचे नाव



तुकोबारायांचा वृक्षवेलींचा अभंग आपण पुष्कळदा ऐकला असेल. हल्ली त्याचे निरूपण ‘झाडे लावा’ एवढ्यावरच आटोपते. झाडे जरूर लावावीत. पण अशाने अभंगातला ‘सोयरे’ हा शब्द वाया जातो. सगा जन्माने मिळतो, सोयरा जोडावा लागतो. त्याचे नाव, गाव, मानपान ठाऊक असावे लागते. ज्याचे नावही आपण जाणत नाही, तो सोयरा कसला?

टोकावड्याच्या रानात हा अर्थ प्रत्यक्ष दिसतो. पहिल्या पावसाबरोबर ठाकर-कातकरी बाया शेवळे काढून आणतात. कोंब काढतात, कंद भुईतच राहू देतात. पुढच्या मृगाला तो पुन्हा फुटतो. शेवळ खाजरे, घसा धरते. म्हणून जुडीसोबत काकडाची आंबट फळे देतात. दोन्ही एकत्र शिजली की खाज मरते. वारली मंडळी पावसाळ्यातली कोवळी रानभाजी आधी देवाला दाखवतात, मगच खातात. सोयऱ्याचा मानपान म्हणतात तो हाच. ही विद्या पोथीत नाही, त्यांच्या बोलीत आहे. बोली गेली की झाड रानात उभे असूनही अनोळखी होते.

यावर पूर्वपक्ष असा, की ही बोली अशुद्ध. मुलांनी ती सोडलेलीच बरी. मुलांना शाळेची मराठी यावी, हे खरे. पण ‘अशुद्ध’ हा शब्द वारकऱ्याच्या तोंडी शोभत नाही. शके 1212 मध्ये ज्ञानोबारायांनी गीतार्थ मराठीत आणला. प्राकृतात लिहिले म्हणून नाथांना पंडितांचा रोष सोसावा लागला, असे परंपरा सांगते. त्यांनी संस्कृतापुढे मराठीची बाजू राखली, आणि आपण मराठीपुढे ठाकरी-कातकरीला हिणवावे काय?

2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावच्या समितीने वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या लोकज्ञानाची नोंदवही करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती पाहा. वाडीवरच्या बोलीतली नावे तिच्यात नसतील, तर सांगणाऱ्यांच्या संमतीने ती लिहवून घ्या.

आणि कीर्तनकार बुवांना विनंती: पुढच्या सप्ताहात हा अभंग निरूपणाला घ्याल, तेव्हा शेजारच्या वाडीवरील एखाद्या जाणत्या आजीला मानाने बोलवा. तिच्या बोलीत दहा झाडांची नावे तिला सांगू द्या. मग अभंगाला हात घाला.