‘खाण तशी माती’ आणि व्यसनाचे जनुक

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे कौतुकाने वापरली जाते, तशीच हिणवण्यासाठीही. वडील दारूच्या आहारी गेलेले असतील, तर ‘पोराच्या रक्तातच आहे ते’ असे म्हणायला लोक कचरत नाहीत. शिक्षकांच्या खोलीतही हे वाक्य अधूनमधून कानी पडते. एके काळी हे नुसते लोकमत होते. १९९० नंतर ‘दारूचे जनुक सापडले’, ‘व्यसनाचा धोका सांगणारी चाचणी आली’ अशा बातम्यांमुळे या लोकमताला विज्ञानाचा शिक्का मिळाल्यासारखे वाटू लागले. हा शिक्का कितपत खरा आहे, ते येथे तपासायचे आहे. व्यसनाधीनतेत आनुवंशिकतेचा वाटा असतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘असतो’ असेच आहे. आमचा आक्षेप आहे तो या उत्तरावरून एकेका माणसाबद्दल काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांना.

एका जनुकाची गोष्ट

एप्रिल १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात केनेथ ब्लम, अर्नेस्ट नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मेंदूतील चेतापेशी ज्या रसायनांच्या साहाय्याने एकमेकींना संदेश देतात, त्यांपैकी एक डोपामाइन. सुखद अनुभव पुन्हा घ्यावासा वाटतो, त्यात या रसायनाचा मोठा भाग असतो. डोपामाइनचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना ग्राही म्हणतात. त्यांपैकी ‘डी-२’ या ग्राहीच्या जनुकाकडे या संशोधकांनी लक्ष दिले. मृत्यूनंतर जतन केलेल्या ७० मेंदूंचे नमुने त्यांनी तपासले. ३५ नमुने मद्यासक्त व्यक्तींचे होते आणि ३५ तसे नसलेल्यांचे. या जनुकाचे ‘ए-१’ नावाचे रूप मद्यासक्तांच्या ६९ टक्के नमुन्यांत आढळले, तर इतरांच्या केवळ २० टक्के नमुन्यांत.

फरक डोळ्यांत भरणारा होता. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच नियतकालिकात, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ४० मद्यासक्त आणि १२७ इतर व्यक्तींची तुलना मांडली. त्यांना लक्षणीय फरक दिसला नाही. १९९३ मध्ये जोएल गेलर्नटर, डेव्हिड गोल्डमन आणि नील रिश यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि ‘ए-१’चा मद्यासक्तीशी संबंध सिद्ध होत नाही, असे लिहिले. २००४ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. डीएनएवरील ही खूण मुळात डी-२च्या जनुकात नसून त्याच्या शेजारच्या जनुकात आहे!

मग पहिल्या अभ्यासातला फरक आला कोठून? एक कारण उघड आहे. नमुना लहान असला की योगायोगानेही मोठा फरक दिसू शकतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. माणसे तशी नसतात. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. समजा, मोहरीच्या तेलात स्वयंपाक करणारी शंभर माणसे आपण कोलकात्यातून निवडली आणि खोबरेल तेलात करणारी शंभर रत्नागिरीतून. दोन्ही गटांचा डीएनए तपासला, तर कोणते ना कोणते जनुकरूप एका गटात अधिक प्रमाणात सापडेलच. त्याला कोणी ‘मोहरीच्या तेलाचे जनुक’ म्हणणार नाही. फरक पूर्वजांचा असतो, तेलाचा नव्हे. ‘ए-१’चे प्रमाणही जगातील निरनिराळ्या समाजांत फार वेगवेगळे आहे, काहींत अगदी कमी, काहींत निम्म्याहून अधिक. तुलनेचे दोन गट पूर्वजांच्या दृष्टीने सारखे नसतील, तर जे मोजले ते व्यसन की वंशावळ, हे सांगता येत नाही.

जुनी खूण, नवी चाचणी

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘अ‍ॅव्हर्टडी’ या चाचणीला मान्यता दिली. गालाच्या आतील बाजूने घेतलेल्या नमुन्यातून डीएनएवरील १५ खुणा पाहायच्या आणि अफूवर्गातील वेदनाशामके प्रथमच घेणाऱ्या प्रौढ रुग्णाला त्यांचे व्यसन लागण्याचा धोका अधिक आहे का, ते सांगायचे, असे तिचे स्वरूप. या १५ खुणांमध्ये १९९०ची ती खूणही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रशासनाच्याच सल्लागार समितीने या चाचणीविरुद्ध ११ विरुद्ध २ असे मत दिले होते. पुढे काही बदल होऊन तिला मान्यता मिळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या माहितीवर याच १५ खुणा तपासून पाहिल्या गेल्या. माणसामाणसांतील धोक्याच्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरक या खुणांनी उलगडला. त्यांच्यावरून वर्तवलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा फारसे सरस नव्हते.

हे केवळ शास्त्रज्ञांमधले मतभेद नाहीत. ‘धोका नाही’ असे उत्तर मिळालेला रुग्ण गाफील राहील. ‘धोका आहे’ असे उत्तर मिळालेल्याला वेदना असूनही औषध नाकारले जाईल, आणि तो शिक्का त्याच्या कागदपत्रांवर राहील. नाणेफेकीवर इतके सोपवणे आम्हाला मान्य नाही.

खुणाच खोट्या, असेही नव्हे. २०१९ मध्ये सुमारे १२ लाख लोकांच्या माहितीवरून तंबाखू व मद्य यांच्या सेवनाशी संबंध असलेले ५६६ जनुकीय बदल ४०६ ठिकाणी सापडले. म्हणजे परिणाम आहे. पण तो शेकडो ठिकाणी विखुरलेला, आणि एकेका ठिकाणचा अगदी थोडा. ‘व्यसनाचे जनुक’ हा एकवचनी शब्दप्रयोगच त्यामुळे चुकीचा ठरतो.

टक्केवारी कशाची?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून व्यसनाधीनतेची आनुवंशिकता साधारण ४० ते ६० टक्के मानली जाते. हा आकडा सर्रास चुकीचा वाचला जातो. ‘अमक्याच्या व्यसनाला निम्मी जनुके जबाबदार’ असा त्याचा अर्थ नाही. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यापैकी किती फरकाचा मेळ जनुकीय फरकांशी बसतो, एवढेच तो सांगतो. ज्या बेटावर दारूचा थेंबही पोचलेला नाही, तेथे कोणीच मद्यासक्त नसेल. तेथे जनुके कशीही असोत, मोजायला फरकच उरणार नाही. बेटावर पहिला गुत्ता उघडला की मग फरक दिसू लागतील. जनुके कालचीच असतील, आकडा मात्र नवा असेल.

डेन्मार्कमधील एक अभ्यास या दृष्टीने फार उद्बोधक आहे. डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. जन्मानंतर पहिल्या सहा आठवड्यांत आईवडिलांपासून दूर जाऊन दत्तक गेलेल्या मुलग्यांचा हा अभ्यास. ५५ जणांच्या जन्मदात्यांपैकी एकजण मद्यासक्त होता. ७८ जणांच्या बाबतीत तसे नव्हते. तपासणीच्या वेळी त्यांचे सरासरी वय तिशीच्या आसपास होते. पहिल्या गटातील १० जण मद्यासक्त झाले होते, दुसऱ्या गटातील ४. म्हणजे १८ टक्के आणि ५ टक्के. ‘सगळा संगतीचा आणि संस्काराचा दोष’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. पण हाच आकडा उलट बाजूने वाचा. मद्यासक्त जन्मदात्याच्या ५५ मुलांपैकी ४५ जण मद्यासक्त झाले नव्हते.

जनुक तेच, समाज बदलला

एकट्या जनुकाचा ठळक परिणाम होतो, असे एक उदाहरण मात्र आहे, आणि ते व्यसनापासून वाचवणारे आहे. दारू पोटात गेली की यकृतात तिचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर होते. मग एक विकर त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट बनवते. पूर्व आशियातील अनेकांत, जपानमध्ये तर सुमारे ४० टक्के लोकांत, या विकराचे दुबळे रूप असते. अशा माणसाने थोडी घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. साहजिकच असे लोक व्यसनी होण्याचे प्रमाण बरेच कमी असते. दोन्ही पालकांकडून दुबळे रूप आले असेल, तर व्यसन जवळजवळ अशक्य.

पण ज्यांना ते एकाच पालकाकडून आले, त्यांचे काय? १९९४ मध्ये सुसुमू हिगुची आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जपानी मद्यासक्तांची आकडेवारी दिली. अशा व्यक्तींचे मद्यासक्तांमधील प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९८६ मध्ये ८ टक्के आणि १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत एखाद्या राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. बदलली ती समाजातली दारू पिण्याची रीत. जनुकाने घातलेले कुंपण समाजाच्या रेट्यापुढे वाकले. एका ठळक जनुकाची ही गत, तर शेकडो बारीक बदलांना विधिलिखित कसे म्हणायचे?

वर्गात काय सांगावे?

व्यसनी पालकाच्या मुलापासून खरी माहिती दडवू नये, असे आम्हाला वाटते. मधुमेही पालकांच्या मुलाला आपण ‘तू जरा जपून’ असे सांगतो, तितक्याच सहजपणे व्यसनाबद्दलही सांगता आले पाहिजे. तंबाखू, दारू जितक्या कोवळ्या वयात सुरू होते, तितके पुढे व्यसनाचे प्रमाण अधिक दिसते. म्हणून सुरुवातच न करणे त्याच्या विशेष हिताचे. पण ‘रक्तातच आहे’ हे वाक्य अशी सावधगिरी शिकवत नाही. ते मुलाला सांगते की प्रयत्न व्यर्थ आहे, आणि शिक्षकाला सांगते की आपली जबाबदारी संपली. जनुके बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. मात्र २००३च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे. ती टपरी तेथे आहे की नाही, हे पाहणे नक्कीच हाती आहे.

शेवटी एक सूचना. नववी-दहावीच्या वर्गात डेन्मार्कचे आकडे फळ्यावर लिहावेत: ५५ पैकी १०, ७८ पैकी ४. अर्ध्या वर्गाला यावरून ‘आनुवंशिकतेचा परिणाम होतो’ हे दाखवायला सांगावे आणि उरलेल्या अर्ध्याला ‘आनुवंशिकता म्हणजे भवितव्य नव्हे’ हे. दोन्ही गटांचे गणित बरोबर येईल. ते दोन्ही कसे बरोबर, यावर मुलांनाच बोलू द्यावे.