पेटी अमेरिकेची, पावसाळा महाबळेश्वरचा

अमेरिकी धर्मोपदेशक लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांचा ‘द हाइव्ह अँड द हनी-बी’ हा ग्रंथ 1853 साली प्रसिद्ध झाला. आधुनिक मधमाशीपालनाचा तो पाया मानला जातो, आणि ते योग्यच आहे. माश्या ये-जा करण्यासाठी सुमारे 9 मिलिमीटर जागा मोकळी सोडतात. जागा अरुंद असेल तर राळेने बुजवतात, रुंद असेल तर तेथे पोळे बांधतात. हे हेरून त्यांनी पोळे न मोडता बाहेर काढता येणाऱ्या चौकटींची पेटी रचली. निरीक्षणातून मोजमाप आणि मोजमापातून रचना, असा हा नमुनेदार पाठ आहे.

आक्षेप आहे तो या परंपरेतील मजकूर आपण जसाच्या तसा उचलतो त्याला. ‘माश्या हिवाळ्यासाठी मध साठवतात’ हे बर्फाच्या प्रदेशात खरे. तेथे युरोपीय माश्या घोळका करून, उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. मध हे त्याचे इंधन. महाबळेश्वरच्या सातेरी माश्यांची कसोटी मात्र जून ते सप्टेंबरमध्ये लागते. वर्षाच्या पाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसापैकी बहुतेक याच काळात कोसळतो. माश्यांना बाहेर पडता येत नाही, पेटीत ओल धरते, कमकुवत वसाहतीत मेणपतंगाच्या अळ्या पोळी पोखरतात. सांगलीच्या जत-आटपाडीकडे अडचण उलटी: तेथे उन्हाळ्यात फुले आणि पाणी दोन्हींची टंचाई.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. जांभळाचा मध मे महिन्यात शेवटच्या थेंबापर्यंत काढला, तर जुलैत वसाहत उपाशी पडते. सातेरी मग पेटी सोडून निघून जाते आणि मधपाळ दोष पेटीला देतो. थोडा मध मागे ठेवणे, साखरेचा पाक देणे, माश्यांनी न झाकलेल्या चौकटी काढून घेणे आणि झाकण गळू न देणे, हा येथला बंदोबस्त. सातेरी आकाराने लहान, म्हणून तिच्या पेटीतील अंतरेही कमी हवीत. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्यासाठी छोटी पेटी केली, ती लँगस्ट्रॉथ यांच्याच पद्धतीची पुढची पायरी.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर 2022 साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. अशा जिल्ह्यातील शिक्षकांनी मुलांना एवढेच विचारावे: आपल्या गावात माशी कोणत्या महिन्यात उपाशी असते? बारा महिन्यांच्या फुलांची नोंदवही वर्गात ठेवली, तर उत्तर मुलेच शोधतील.