०.०६ आला म्हणून नकाशा बरोबर?

सुट्टीत धानोऱ्याला घरी आलोय, सोबत शहरी पूरजोखमीवरचे पंधरा-वीस पेपर आहेत. तुम्ही पीएचडीचं प्रपोजल याच विषयावर लिहिणार असाल तर आधी हे वाचा, कारण बहुतेक पेपरची रेसिपी एकच आहे. एमएस्सीला मीही तीच वापरली.

एसआरटीएमची ३० मीटरची उंची, तिच्यावरून उतार, नदीपासूनचं अंतर, सरासरी पाऊस, जमीनवापर. प्रत्येक थराला एएचपीने वजन द्यायचं, जीआयएसमध्ये बेरीज करायची, की लाल-पिवळा-हिरवा नकाशा तयार. कन्सिस्टन्सी रेशो ०.१ च्या खाली आला की झालं. माझा ०.०६ आला होता, केवढा आनंद! पण तो आकडा एवढंच सांगतो की तुमची मतं एकमेकांशी फारशी भांडत नाहीत. पाणी कुठे साचतं याच्याशी त्याचा संबंध नाही.

मुंबई घ्या. २६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. वार्षिक सरासरीच्या थरात हा फरक दिसणारच नाही. शहर तुंबतं ते तासाभराच्या पावसाने. तिथल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिमीसाठी बांधलेल्या, तेही ओहोटी असेल तर. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० वर न्यायला सांगितलं होतं. आता सांगा, हा २५ आपल्या पाच थरांपैकी कुठे आहे? आणि भरती?

उंचीचं दुखणं आणखी वेगळं. एसआरटीएमच्या रडारला छपरं आणि झाडंही लागतात, त्यामुळे चूक काही मीटरची असते. रस्त्यावरचं पाणी असतं गुडघाभर!

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने माणसांचे जीव घेतले. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये असा ओढा धड उमटत नाही. ‘नदीपासूनचं अंतर’ मुठेपासून मोजलंत, तर ओढ्याकाठची घरं खुशाल हिरव्या रंगात जाऊ शकतात. उद्या याच नकाशावरून कुणी बांधकामाला परवानगी दिली तर? माझी चिडचिड होते ती इथे.

एएचपी टाकाऊ आहे असं नाही. मोठ्या खोऱ्यात, डेटा नसताना, पहिली चाळणी म्हणून ठीक आहे. पण शीर्षकात ‘जोखीम’ लिहायचं आणि आत फक्त पाणी कुठे येईल एवढंच दाखवायचं, हे चालणार नाही. तिथे कोण राहतं, तळमजल्यावर किती जण आहेत, बाहेर पडायला वाट आहे का, हे जोखमीत येतंच.

प्रपोजल लिहिण्याआधी एक काम करा. महापालिकेकडून पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची यादी आणि उपसा पंप कुठे बसवतात ते मिळवा आणि आपल्या नकाशावर ठिपके मांडा. वजनं ठरवताना मात्र ही यादी वापरू नका, नाहीतर पडताळणी कसली? मी माझ्या जुन्या नकाशावर हे उशिरा करून पाहिलं. निम्म्याहून जास्त ठिपके हिरव्यात पडले.