कानसेनांच्या पंगतीत

तानसेन होता येत नसेल तर निदान कानसेन व्हावे, असे आपल्याकडे म्हणतात. माझे दुर्दैव असे, की मला दोन्ही साधले नाही. बालगंधर्वांचे गाणे मला आवडते एवढेच. पाऊस लागलेला असावा, शाळेला सुट्टी असावी, की ते ऐकावेसे वाटते. या तुटपुंज्या भांडवलावर मी एकदा आमच्या गावातल्या एका तबकड्यांच्या संग्राहकाकडे रविवारच्या बैठकीला जाऊन बसलो.

तेथली मंडळी पक्की दर्दी. ‘मानापमान’ १९११ चे, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या; ‘स्वयंवर’ १९१६ चे, त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या; हे सारे त्यांना स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पाठ. ‘स्वयंवरा’तले रुक्मिणीचे पद लागले. ते संपताच मी न राहवून ‘वाहवा!’ म्हणालो.

“मास्तर, राग कोणता?” एका काकांनी विचारले.

मी ‘भूप’ म्हणालो. बैठक खळखळून हसली. पद यमनातले होते. भूपात मध्यम आणि निषाद नसतात, हे मला तेव्हा कळले. पुढे दोन वर्षे मी तिकडे फिरकलो नाही.

ज्ञान वाईट, असे मला म्हणायचे नाही. त्याच दिवशी निघताना यजमान हळूच म्हणाले होते, “ताना मोजू नका मास्तर, शब्द ऐका.” घरी येऊन मी तसे ऐकले. वर्गात वाचताना खाडिलकरांची पदे मला नेहमी जड, संस्कृताच्या ओझ्याने वाकलेली वाटत. बालगंधर्वांच्या गळ्यात तेच शब्द बोलू लागतात. तान शब्दावर स्वार होत नाही; शब्द जेथे अपुरा पडतो तेथून ती निघते आणि पुन्हा शब्दाच्याच दाराशी येऊन थांबते. भाऊ शिशुपालाशी लग्न लावू पाहतो आहे आणि बहिणीने मनाने श्रीकृष्णाला वरले आहे. गाण्याच्या ऐन रंगातही ती मुलगी हरवत नाही. हे मला एका दर्दी माणसाने दाखवले, हे ऋण कबूल केलेच पाहिजे.

पण दर्दी लोक एक गोष्ट विसरतात. बालगंधर्व १९६७ साली गेले. त्या बैठकीतल्या कोणीही त्यांना रंगभूमीवर पाहिलेले नव्हते. तबकडीच्या एका बाजूवर मावते साडेतीन मिनिटांच्या आसपासचे गाणे. नाटकात वन्समोअरवर वन्समोअर घेत फुलणारे पद, मागे थिरकवाँचा तबला, हे सारे आपल्याला परकेच. आपण सगळेच नाटकगृहाबाहेर उभे राहून खिडकीतून ऐकणारे. त्यात पुढे कोण आणि मागे कोण? शिवाय आत बसून वन्समोअर देणाऱ्यांत रागांची नावे न जाणणारेच अधिक असणार. त्यांच्या टाळ्यांनीच हे गाणे वाढले.

हा निवाडा देऊन मी स्वतःवर खूश होतो, तोच एक प्रसंग घडला. वर्गातला एक अबोल मुलगा ‘फास्टर फेणे’चे पुस्तक हातात घेऊन म्हणाला, “गुरुजी, हे मला फार आवडलं.” मी विचारले, “लेखक कोण? मालिकेतलं पहिलं पुस्तक कोणतं? आणखी किती वाचलीस?” मुलगा खाली पाहू लागला. दुसऱ्या दिवशी पुस्तक मुकाट्याने कपाटात परत आले होते. ते काका माझ्याच तोंडून बोलले होते!

आता त्या कपाटाची किल्ली मी त्या मुलाकडेच दिली आहे आणि एकही प्रश्न विचारत नाही. रविवारच्या बैठकीलाही पुन्हा जाऊ लागलो आहे. कोणी राग विचारला तर सांगतो, “ठाऊक नाही. पण पुन्हा एकदा लावा.”