भरलेल्या काळीपिवळीला धोरणात जागा कुठे?

शहरी वाहतुकीवरचे शोधनिबंध उघडा, 'शेअर्ड मोबिलिटी' हा शब्द हमखास भेटेल. बहुतेकदा अर्थ एकच: ॲपवरून बोलावलेली गाडी. माझा आक्षेप इथेच आहे. यवतमाळात शेअर ऑटो आणि काळीपिवळी हेच काम ॲपच्या कितीतरी आधीपासून करताहेत. अभ्यासात मात्र त्यांची ओळख फक्त 'असंघटित'.

साधा हिशोब करू. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७ किलो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी कार तुम्ही एकट्यानं नेलीत, तर किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम. लिटरला १२ जाणाऱ्या डिझेल जीपमध्ये नऊ जण असले तर माणशी २५. लिटरला ५ जाणाऱ्या एसटीत तीस जण असले तर माणशी १८. आणि इलेक्ट्रिक कार? किलोमीटरला ०.१५ युनिट वीज धरा. आपल्या कोळसाप्रधान विजेचे युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम. एकट्यासाठी झाले १०५! म्हणजे इंजिन कोणतं, याहून सीट किती भरल्या हे महत्त्वाचं.

आता धोरण बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं 'पीएम ई-बस सेवा' मंजूर केली: १६९ शहरं, १०,००० बस. राजधान्यांसारखे काही अपवाद सोडले, तर अट २०११ च्या जनगणनेत ३ लाख लोकसंख्येची. यवतमाळ तेव्हा दीड लाखाच्याही खाली, म्हणून बाद. पण हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. घाटंजी, आर्णी, कळंबकडून माणसं इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचाराला येतात. जनगणना त्यांना इथलं मोजत नाही, पण बस तर त्यांनाही लागतेच ना?

काळीपिवळी म्हणजे उत्तर सापडलं, असंही नाही. तिला स्वच्छ ठरवणारी गोष्टच तिचा दोष आहे: भरल्याशिवाय ती सुटत नाही. कधी पोचू, हे सांगता येत नाही. वेळापत्रक पाळणं एसटीचं काम. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे. पण वेळेवर बस आलीच नाही, तर तीच बाई जीपमध्ये पूर्ण भाडं भरते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'शाश्वत वाहतूक' म्हणालं की किती बस घेतल्या ते विचारू नका. शेवटची बस किती वाजता सुटते, ते विचारा.